वडीगोद्रीचं एक मिनिट

दादाच्या जीपमध्ये डाव्या बाजूला कोण बसणार, यावरून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात माणूस ओरडतो, रडतो, मोकळा होतो. मी त्यातलं काहीच केलं नाही. ती जागा माझ्याकडून गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात धपाट्यांचं पीठ मळत होते, आणि बाहेर अंगणात दादा नव्या वहिनीला सांगत होता, "पाय जरा जपून ठेव, हितं पत्रा वर आलाय, लागंल." त्या पत्र्यानं माझ्या नडगीवर दोन वर्षं ओरखडे काढले होते. लागेल म्हणून मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आमचं घर जालन्यात, अंबड रस्त्याला. शेती गावाकडे चुलते बघायचे, आणि आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, शहरात येऊन ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे फरशीचं अंगण. त्या अंगणात सकाळपासून ग्राइंडर किरकिरायचा, कुणीतरी गिऱ्हाईक ट्रॅक्टर चालू करून आवाज ऐकवायचं, आणि दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की माय भाकरीचा तवा चढवायची. येसराच्या आमटीला फोडणी पडली की तो वास ग्रीसच्या वासात मिसळायचा. आजही कुठल्या गॅरेजवरून जाताना ग्रीसचा वास आला की मला भूक लागते, हे कुणाला सांगितलं तर हसतात.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. नाव अशोक. शिक्षणात जीव नव्हता, पण इंजिन नुसतं ऐकून त्याला कळायचं कुठं काय दुखतंय ते. सरकारी लिलावात निघालेली एक जुनी जीप त्यानं आप्पांच्या मागं लागून घेतली आणि वर्षभर अंगणात उघडून ठेवली. औरंगाबादला शिकायला असताना त्यानं एकदा रॅली बघितली होती, तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नव्हतं. लोकांना वाटतं रॅली म्हणजे शर्यत, जो जोरात पळवील तो जिंकला. आमच्याकडे व्हायच्या त्या रॅल्या तशा नव्हत्या. कुठल्या टप्प्यात सरासरी किती वेगानं जायचं ते संयोजक आधी ठरवून द्यायचे, आणि वाटेत कुठंतरी टेबल टाकून घड्याळ घेऊन माणसं बसवायचे. त्या टेबलाशी ठरल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तर गुण कापायचे, आणि लवकर पोचलात तर त्याच्या दुप्पट. आप्पांना हे मरेपर्यंत पटलं नाही. म्हणायचे, "आधी पोचला त्याला दंड? ही रॅली हाय का कोर्टाची तारीख?"

चालवणाऱ्याला रस्त्यावरून नजर काढता येत नाही, म्हणून हिशेबाला शेजारी दुसरं माणूस लागतं. ते माणूस मी होते. मी तेव्हा कॉलेजात बी.एस्सी. करत होते आणि गणित मला गोड लागायचं. हातात रोड बुक, म्हणजे बाण आणि वळणं काढलेली वही, मनगटावर आप्पांचं घड्याळ, मांडीवर लाकडी पाटी. जीपचा किलोमीटरचा काटा खोटं बोलायचा. टायर झिजले की जास्तच खोटं. मग मी रस्त्याकडेच्या दगडांशी ताडून त्याचं खोटं किती ते काढायचे आणि मनातल्या मनात गुणाकार करून ओरडायचे, "दादा, पुढं चाललाय तू, सोड जरा!" संध्याकाळी आम्ही बदनापूरच्या रस्त्यानं सराव करायचो. परत येताना दादा एखाद्या शेताकडेला थांबायचा, बोनेटवर धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी मांडून आम्ही खायचो. तो जेवताना कमी बोलायचा, पण एकदा म्हणाला होता, "शोभे, तू नसली तर ही जीप नुसतं डबडं हाय." मी ते वाक्य किती दिवस घोळवलं, ते त्याला माहीत नाही. दोन रॅल्या आम्ही केल्या, दुसऱ्या वेळी तिसरे आलो. कप दुकानातल्या काचेच्या कपाटात लागला. गिऱ्हाइकांना आप्पा सांगायचे, "पोरानं आणला." मला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण दादाला खरं माहीत होतं.

मग दादाचं लग्न ठरलं. मुलगी नाशिकची, नाव वैशाली. तिचा थोरला भाऊ रॅलीत गाडी चालवायचा आणि ती त्याच्या शेजारी बसायची. बघायच्या कार्यक्रमात पोहे गार झाले तरी ही दोघं ट्रिपमीटरवर, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्रावर, बोलत होती. आप्पा कौतुकानं बघत होते, माय पदर सावरत होती, आणि मी, ज्या मुलीनं दादाबरोबर दोन रॅल्या केल्या होत्या ती, खोलीच्या कोपऱ्यात पाण्याचे पेले घेऊन उभी होते. दादानं माझ्याकडे बोट करून एवढंच सांगितलं, "ही आमची शोभी. हिला पण थोडं येतं." ते 'थोडं' मला अजून बोचतं. एवढी वर्षं झाली, नातवंडं झाली, तरी बोचतं.

वहिनीनं माहेराहून साड्या-भांड्यांबरोबर एक काळा डबा आणला होता. इलेक्ट्रॉनिक ट्रिपमीटर. चाकाच्या आत लोहचुंबकाचा तुकडा बसवायचा, तिथून वायर ओढून डबा समोर लावायचा, की लाल आकडे पळायला लागायचे. दशांश चिन्हापुढे दोन आकडे! सरासरीसुद्धा तोच काढायचा. आमचा तो खोटं बोलणारा काटा, दगड, पाटी, गुणाकार, सगळं त्या डब्यानं एका दुपारीत मोडीत काढलं. दादा लहान पोरासारखा जीप घेऊन गल्लीत मागंपुढं करत होता आणि आकडे बदलले की हसत होता. आप्पा दुकान सोडून बघायला आले. मी गेले नाही. सगळे जेवून झोपल्यावर, दुपारच्या उन्हात मी एकटी जाऊन जीपमध्ये बसले आणि तो डबा बघितला. बंद होता. काळ्या काचेत माझंच तोंड दिसत होतं.

वहिनी वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती वाईट नव्हती. सावळी, उंच, हसताना तोंडावर हात न ठेवणारी. मला अहो-जाहो करायची. एकदा म्हणाली, "शोभाताई, चला ना आमच्याबरोबर सरावाला. मागे बसा." मागे! मी म्हटलं, "मला अभ्यास हाय." पहाटे ती दोघं निघायची तेव्हा त्यांची धपाटी मी थापून द्यायची असा मायनं पायंडा पाडला होता. नवी नवरी, तिला कुठं एवढ्या पहाटे चुलीपाशी बसवायचं, असं तिचं म्हणणं. मी थापत राहायचे आणि जीप गेटातून बाहेर पडताना कुठल्या गिअरला कसा आवाज येतोय ते कानानं मोजत राहायचे. मिठाचा हात एकदोनदा मुद्दाम जड केला. दादानं घरी येऊन सांगितलं, धपाटी फार चांगली झाली होती. तेवढंसुद्धा मला जमलं नाही.

एकदा हिंमत करून मी दादाला विचारलं होतं. तो जीपखाली पाठीवर पडलेला, नुसते पाय दिसत होते. मी म्हटलं, "दादा, औंदाच्या रॅलीला मी?" खालून पान्याचा आवाज थांबला. "आगं, तिला भावाशेजारी बसून पहिल्यापासून सवय हाय. मशीन तिचं हाय. आणि तुझंबी लग्न व्हईल की आता, मंग काय, सासरहून येशील का आकडे मोजायला?" तो हसला. मग पाना पुन्हा वाजायला लागला.

त्या वर्षी रॅली आमच्या जिल्ह्यातून जाणार होती, अंबडवरून वडीगोद्रीकडे. दरवर्षी दिवाळीनंतर व्हायची, पण निवडणुका लागल्या आणि बंदोबस्ताला पोलीस मिळेनात म्हणून तारीख पुढे ढकलली. ती पडली नेमकी उसाच्या हंगामात. त्या भागात कालव्याचं पाणी आल्यापासून ऊसच ऊस झाला होता, रस्त्याला बैलगाड्यांच्या रांगा. दादासाठी ही रॅली नुसती कपाची नव्हती. औरंगाबादचे एक टायरचे व्यापारी जिंकणाऱ्या जोडीला पुढच्या हंगामात दक्षिणेतल्या मोठ्या रॅल्यांना उतरवणार होते. नवी गाडी, मेकॅनिक, सगळा खर्चा त्यांचा. म्हणजे दुकान सोडून दादा जन्मभर तेवढंच करू शकला असता. घरात दुसरा विषय नव्हता. मायनं नवससुद्धा बोलून ठेवला होता.

आमच्या कॉलेजात इंगळे सर म्हणून भौतिकशास्त्र शिकवायचे, ते त्या मोटार क्लबाचे मदतनीस होते. टेबलावर बसायला त्यांना माणसं कमी पडत होती. त्यांनी मला विचारलं, मी लगेच हो म्हटलं. नात्यातलं कुणी स्पर्धेत असेल तर टेबलावर बसू नये, असा नियम तेव्हा नव्हता, आमच्यानंतर झाला. मी का हो म्हटलं, ते मला चांगलं आठवतं. गाडीत नाही तर नाही, पण त्या दोघांना माझ्या टेबलासमोर थांबावं लागेल, वहिनीला खिडकीतून हात काढून कार्ड माझ्या हातात द्यावं लागेल, एवढं मला पाहिजे होतं. कुणाला कुठल्या टेबलावर बसवलंय हे गुप्त असायचं. मी घरी सांगितलं नाही, दादानं विचारलं नाही.

माझं टेबल वडीगोद्रीच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली पडलं. टेबल म्हणजे शेजारच्या चहाच्या हॉटेलातलं, त्यावर डबीत बसवलेलं क्लबाचं घड्याळ. तिथून थोडं मागे, रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी रोवलेली. नियम साधा होता. पाटीच्या अलीकडे गाडी थांबवून पाहिजे तेवढी वाट बघा. पण पाटी ओलांडली की थांबायचं नाही, सरळ टेबलाशी यायचं, आणि कार्ड हातात पडेल तेव्हा घड्याळात असेल ते मिनिट लिहिलं जाणार. सकाळी सुटायच्या जागी संयोजकांनी एक दुरुस्तीही लावली होती: उसाच्या गाड्यांमुळे अंबडपुढच्या टप्प्याची सरासरी कमी केली आहे. म्हणजे सगळ्यांनी आधी ठरल्यापेक्षा हळू यायचं. झालं असं की बैलगाड्या उजाडायच्या आतच रिकाम्या होऊन गेल्या होत्या. रस्ता मोकळा, हवा गार, आणि पायाखाली दाबायला पेडल. चालवणाऱ्याला ह्याच्याएवढा जाच दुसरा नाही.

पहिल्या गाड्या आल्या, पिवळ्या पाटीमागे थांबल्या, वेळ भरल्यावर पुढं आल्या. मी लिहिलं, सह्या केल्या. गावातली पोरंसोरं, म्हातारे, सगळे जमले होते. एक बाबा मला म्हणाले, "बाई, तुमी कंडक्टर हाय का ह्यांच्या?" तेवढ्यात एक म्हैस रस्त्यात आली म्हणून माझ्याबरोबर बसलेले इंगळे सर तिकडे गेले, आणि मला आमच्या जीपचा आवाज आला. दिसायच्या आधी आला. तिसऱ्या गिअरला ती जराशी घरघरायची, ती घरघर.

जीप पिवळ्या पाटीपाशी हळू झाली. बराबर थांबणार, असं मला वाटलं. वहिनीचा हात वर झालेला मला लांबून दिसला. मग दादानं मान पुढे काढून टेबलाकडे बघितलं, आणि जीप पाटी ओलांडून सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दादा हसत होता. वहिनी हसत नव्हती. तिनं कार्ड माझ्या हातात दिलं, तिची बोटं गार होती.

"शोभे, तू व्हय!" दादा म्हणाला. "बरं झालं. एक मिनिट थांब, मंग लिही."

मी घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट लवकर.

"लिहू नको ना जल्दी. कोण बघून राह्यलंय?"

मी आकडा लिहिला, खाली सही केली आणि कार्ड परत दिलं. दादाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, जरा वेळ तसंच राहिलं, जसं पंखा बंद केल्यावरही फिरत राहतो. मग तो म्हणाला, "असं व्हय," आणि जीप गेली. आकडा खरा होता. त्याच्याऐवजी दुसरं कुणी असतं तरी मी तोच लिहिला असता. हे सगळं खरं आहे, आणि लिहिताना माझ्या छातीत काहीतरी गोड पसरलं, तेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे कळायला मला फार वर्षं लागली. त्या दिवशी घरातल्यांना त्यातलं फक्त दुसरं दिसलं.

दादा दुसरा आला. वडीगोद्रीचं मिनिट नसतं तर पहिला आला असता. टायरवाल्यांची गाडी नगरच्या एका जोडीला मिळाली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले! दादा माझ्याशी बोलेना. मी ताट वाढलं तर उठून जायचा. आप्पा गिऱ्हाइकांशी बोलताना मी आले की गप्प व्हायचे. माय मात्र गप्प बसणारी नव्हती. चुलीपुढे, पाणी भरताना, शेजारणीजवळ, एकच: "भावाचं सोनं व्हायचं व्हतं, हिनं माती केली. पोटात दुखत व्हतं हिच्या, लग्नापासून बघून राह्यले मी." मी म्हणायचे, माय, आकडा खरा होता. ती म्हणायची, "खऱ्याला काय चाटायचंय?" आणि या सगळ्यात वहिनी एक शब्द बोलत नव्हती. ती तर शेजारी बसलेली होती, तिचा तो डबा दशांशापुढचे दोन आकडे दाखवत होता, तिला सगळं माहीत होतं. मला वाटायचं, हिला बरंच झालं. माझी जागा पण गेली, भाऊ पण गेला, आता घर पण हिचं.

एका दुपारी चुलते गावाहून आले होते. जेवणं चालली होती, दादा, आप्पा, चुलते ओळीनं पाटावर. मायनं चुलत्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. मी भात वाढत होते, वहिनी आमटी. "स्वतःला मिळालं न्हाई म्हणून भावालाबी मिळू दिलं न्हाई," असं माय म्हणाली तेव्हा वहिनीनं आमटीचं भांडं खाली ठेवलं.

"आई, ताईंनी बरोबर लिहिलं," ती म्हणाली. "आम्ही लवकर होतो. मी यांना पाटीच्या अलीकडे थांबा म्हटलं होतं, हातही वर केला. यांनी टेबलावर ताईंना बघितलं आणि म्हणाले, आपलीच शोभी हाय, लिहील की."

दादानं घास हातात तसाच धरला होता. मग तो ताटात हात धुऊन उठला. माझ्याकडे नाही, वहिनीकडे बघत म्हणाला, "चार माणसांत सांगायचं व्हतं का हे?"

"चार माणसांतच बोलणं चाललं होतं ना," वहिनी म्हणाली.

माझी सुटका झाली. माय त्या संध्याकाळी माझ्या केसांना तेल लावायला बसली, हीच तिची माफी मागायची रीत. आप्पा बोलायला लागले. पण मला हलकं वाटायला पाहिजे होतं तेवढं वाटलं नाही, उलट रात्रभर तळमळले. मी इतके दिवस तेच सांगत होते, घसा कोरडा होईपर्यंत, आणि कुणी ऐकलं नव्हतं. वहिनीनं एकदा सांगितलं आणि सगळ्यांना लगेच पटलं. माझं खरेपणसुद्धा तिच्या तोंडून आल्यावर खरं झालं! याहून मोठा हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही, डाव्या सीटवर बसली तेव्हासुद्धा नाही.

आता माझा भाचा, दादाचाच मुलगा, रॅलीत उतरतो. त्यांच्या गाडीत एक यंत्र असतं, ते उपग्रहाकडून वेळ आणि जागा घेऊन सगळं आपोआप लिहितं. कोण किती लवकर, किती उशिरा, घरी बसून मोबाइलवर दिसतं. टेबल नाही, कार्ड नाही, लिंबाखाली बसलेली बहीण तर नाहीच नाही. तो म्हणतो, "आत्या, आता भांडायला जागाच न्हाई राहिली." मी त्याला सांगते, बाबा, भांडण घड्याळाचं कधी नव्हतंच.

तेव्हा वहिनीला जेवणाच्या पंगतीतल्या त्या बोलण्याची किंमत पडली. दादानं तोंडानं काही म्हटलं नाही, पण पुढचा हंगाम आला तेव्हा औरंगाबादहून एक मुलगा येऊन राहिला. दादाचा शिकत असतानाचा दोस्त. वहिनीच्या डब्यावरच तो शिकला. दादानं सांगितलं, मोठ्या रॅलीत पुरुष माणूस बरा, टायर बदलायला हात लागतो. वहिनीनं वाद घातला नाही. तिनं त्या मुलाला मीटर कसं लावायचं, टायर झिजल्यावर आकडा कसा दुरुस्त करायचा, सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला आनंद व्हायची वाट बघत होते. आता हिला कळेल, असं मनाला सांगत होते.

दादा आणि तो मुलगा पहिल्यांदा सरावाला निघाले त्या सकाळी वहिनी चुलीपुढे भाकऱ्या करत होती, मी पलीकडे चटणी वाटत होते. अंगणात जीप चालू झाली. गेटातून बाहेर पडली, अंबड रस्त्याला वळली. पहिला गिअर, दुसरा. वहिनीचा हात परातीत तसाच थांबला होता. ती कुठं बघत नव्हती, नुसती ऐकत होती, मान जराशी त्या आवाजाकडे कललेली. तिसरा पडला, घरघर आली, आणि मग बाजारातल्या गलक्यात जीपचा आवाज हरवला. तरी ती ऐकतच होती.

"फार लवकर टाकतात हे तिसरा," ती म्हणाली.

"पहिल्यापासून," मी म्हटलं. "किती सांगितलं मी."

तिनं माझ्याकडे बघितलं. हसली नाही, रडलीही नाही. तव्यावरच्या भाकरीला धूर सुटला होता, तिच्या ते ध्यानात नव्हतं. मी पाट पुढे ओढला, तिच्या शेजारी बसले आणि हातानंच भाकरी उलटली.